देऊचा बेलभंडार

अंबरनाथच्या त्या कारखान्याच्या कबड्डी संघात देव फार होता. सोमवारी शिवमंदिरात दर्शन, मंगळवारी सरावाआधी आरती, सामन्याच्या दिवशी मध्यरेषेवर नारळ आणि जिंकल्यावर पुन्हा नारळ. हे सगळं बसवलं होतं हेमचंद्र गुप्ते यांनी. गुप्ते साहेब कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर आणि संघाचे मॅनेजर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा रजेचा अर्जसुद्धा वाचला नसेल. खेळाडू देवाला धरून असला की शिस्तीत राहतो, असं ते म्हणायचे. त्यांना देव हवा होता की शिस्त, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आरतीला टाळ्या वाजवायच्या, प्रसाद खायचा आणि मैदानात उतरायचं, एवढंच पोरांना ठाऊक.

या संघात १९८६ साली देऊ शिंगवा आला. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथला हा पोरगा. उंची बेताची, अंगात मांस कमी आणि पाय असे चपळ की समोरच्याला कळायच्या आत अंगठा लागून गडी बाद. संघाचे मार्गदर्शक रामभाऊ यांनी त्याला भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात जत्रेची कबड्डी खेळताना पाहिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात उचलून कारखान्यात आणलं. कागदोपत्री नोकरी हेल्परची होती, पण खरी नोकरी कबड्डीचीच. सकाळी ड्रम भरायचे, तीनला मैदानात हजर व्हायचं, महाराष्ट्रभर व्यावसायिक संघांच्या स्पर्धा खेळायच्या. खेळतोय तोवर काम, हा अलिखित करार. देऊला तो मान्य होता. त्याला कबड्डी सोडून जगात दुसरं काही नीट येतही नव्हतं.

आता या देवभक्त संघात खरोखर देवाला मानणारा एकच होता आणि तो हा देऊ. मंगळवारच्या आरतीत त्याला शब्द यायचे नाहीत, टाळीचा ताल चुकायचा, त्यामुळे पोरं त्याला हसायची. त्याचा देव वेगळ्या रीतीचा होता. घरात वरच्या फळीवर एका डब्यात खंडोबाचा टाक असे. वाडीत भांडण झालं की फौजदाराकडे कुणी जात नसे. देऊचा बाप बारकू तो टाक खाली काढायचा, पुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवायचा आणि ज्याच्यावर आळ असेल त्यानं तो बेलभंडार उचलून बोलायचं. उचलून बोललं की विषय संपला. एकदा एका शेजाऱ्यानं कोंबडीच्या चोरीवरून खोटा भंडार उचलला. त्याला कुणी काही केलं नाही. फक्त पुढं त्याला कुणी काही विचारेना. पाऊस येईल का, असंसुद्धा विचारेना. दोन वर्षांनी तो स्वतःच कोंबडी घेऊन आला आणि बारकूच्या दारात बसून रडला.

असल्या घरात वाढलेल्या देऊनं आपली गोष्ट सोळाव्या वर्षीच देवाला सांगून टाकली होती. आपल्याला पोरी आवडत नाहीत, पोरं आवडतात, हे त्याला कळलं तेव्हा वाडीत सांगण्याजोगं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं डबा उघडला आणि टाकासमोर बसून सगळं सांगितलं. काही घडलं नाही. अंगावर वीज पडली नाही, ताप आला नाही. त्या वर्षी भात नेहमीसारखं झालं. देवाला चालतंय, असा त्यानं त्याचा अर्थ लावला आणि तो विषय स्वतःपुरता मिटवला. माणसांशी लपवाछपवी करावी लागे, ती तो करायचा. देवाशी करावी लागत नसे. कारखान्यात आल्यावरही बदलापूर गावाबाहेरच्या टेकडीवर खंडोबाचं लहानसं देऊळ आहे, तिथं तो दर रविवारी जाऊन बसायचा. तेवढी एक जागा त्याच्यापाशी होती जिथं तोंड उघडण्याआधी विचार करावा लागत नव्हता.

संघाचा कप्तान होता चंदू. बदलापूर गावचा, घरचा बरा, बोलायला गोड, दिसायला त्याहून गोड. उजव्या कोपऱ्यात खेळायचा आणि घोटा असा धरायचा की चढाई करणारा जागच्या जागी बसायचा. सरावात देऊनं चढाई करायची आणि चंदूनं धरायचं, हे रोजचंच. हळूहळू पकडीतून सुटायला देऊ जरा उशीर लावू लागला आणि पकड सोडायला चंदू. पुढचं सांगायला नको. तीन वर्षं ते चाललं. मधे चंदूचं जिजाशी लग्न झालं, तरी चाललं. देऊला त्याचं वाईट वाटलं, त्यानं ते टेकडीवर जाऊन सांगितलंही. चंदूनं मात्र कुणाला काही सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं की नाही, हेही कळलं नाही.

१९९१ च्या जानेवारीत सांगलीकडं स्पर्धा होती. संघ एका शाळेत उतरला होता. दुपारी सगळे दुसऱ्यांचा सामना पाहायला गेले, हे दोघं मागं राहिले. सखा नावाचा राखीव चढाईपटू गुडघ्याला बांधायचा पट्टा विसरला म्हणून परत आला आणि वर्गाच्या खिडकीतून त्यानं पाहिलं. देऊचा चेहरा त्याला स्पष्ट दिसला. दुसऱ्याची फक्त पाठ दिसली, आणि पाठीवर संघाचं सरावाचं बनियन. सरावाच्या बनियनवर नंबर नसतो. सखा घाबरून पळाला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली.

म्हणजे एक देऊ पक्का सापडला आणि पाहणारा सखा सोडला तर उरलेले दहा जण संशयात. आता या दहांनी काय करावं? तो दुसरा आपण नव्हे, हे दाखवायची त्यांच्यात चढाओढ लागली. जो जास्त नाक मुरडेल तो जास्त स्वच्छ. कुणी देऊशेजारी जेवायला बसेना. त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा काढून खिडकीत ठेवला. ठाकराच्या पोराला वेगळा ग्लास नवा नव्हता. लहानपणी बदलापूरच्या एका चहाच्या टपरीवर त्यानं तो पाहिलेला होता. पण इथं पाच वर्षं एका ग्लासातून प्यायल्यावर तो वेगळा काढणारा हात कुणाचा होता? चंदूचा. मंगळवारच्या आरतीनंतर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा देऊच्या तळहातावर वरून, बोटं लागणार नाहीत अशा बेतानं टाकला, तोही चंदूनंच. आणि टाकून झाल्यावर त्यानं हात पँटला पुसला.

देऊनं तो तुकडा तोंडात घातला, पण त्याच्यानं गिळवेना. प्रसाद थुंकायचा नसतो, म्हणून कसाबसा गिळला. माणूस घाबरतो, हे त्याला समजत होतं. चंदू घाबरला म्हणून त्यानं त्याला मनातल्या मनात माफही केलं असतं. पण हात पुसणं घाबरण्यात बसत नाही. त्या पुसण्यानं त्याला शिसारी आली, आणि ती चंदूची आली की त्या तीन वर्षांची, हे त्याला धड सांगता आलं नसतं.

खेळाचे तर धिंडवडेच निघाले. सरावात देऊ चढाईला गेला की समोरचे सहा जण बाजूला व्हायचे. कबड्डी म्हणजे माणसाला धरायचा खेळ, आणि याला धरायला कुणी तयार नाही. तो दम घेत आत जायचा, हवेत हात फिरवायचा आणि परत यायचा. आठवडाभर हा तमाशा बघून रामभाऊंचं डोकं फिरलं. अठ्ठावन्न वर्षांचे रामभाऊ धोतर खोचून स्वतः मैदानात उतरले आणि त्यांनी देऊची कंबर धरून त्याला मातीत लोळवलं. मग उठून पोरांना म्हणाले, "अंगाला अंग लागायला नको असेल तर घरी बसून कॅरम खेळा." पोरांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फेब्रुवारीत कल्याणच्या स्पर्धेत याचं फळ मिळालं. बचावाला दोघा-दोघांनी हातात हात धरून साखळी करायची असते. देऊच्या शेजारच्यानं त्याचा हात धरलाच नाही, नुसता जवळ नेऊन ठेवला. समोरचा चढाईवाला मुरलेला होता. त्यानं पहिल्याच फेरीत ते हेरलं आणि त्या फटीतून तो आठ वेळा ये-जा करून गेला. प्रेक्षकांतही बातमी पोचलेली होती. देऊचा पाय मध्यरेषेपलीकडं पडला की "बायल्या" असा एकच गलका उठायचा. कारखान्याचा संघ ज्या संघाशी कधी हरला नव्हता त्याच्याशी हरला आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी गुप्तेंना बोलावून विचारलं की हे काय चाललंय.

महिन्याभरावर व्यावसायिक गटाची राज्य स्पर्धा होती. देऊला काढावं तर चढाईला माणूस नाही. सखाची चढाई म्हणजे गेला तसा परत आला तरी नशीब. देऊला ठेवावं तर संघ हात धरत नाही. गुप्तेंनी विचार केला आणि त्यांच्या भस्म लावलेल्या कपाळातून एक युक्ती निघाली. सगळ्या संघाला टेकडीवर न्यायचं आणि प्रत्येकाकडून खंडोबासमोर बेलभंडार उचलून घ्यायचा की असलं काही मी केलेलं नाही. बारा जणांनी उचलला की सखानं पाहिलं ते खोटं ठरलं. देवानंच निकाल दिल्यावर कोण बोलणार? कुणाला शिक्षा करायचा त्यांचा विचार नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. खरं तर देऊवर उपकार करायचा त्यांचा इरादा होता. शपथ म्हणजे काय, ती घ्यायची आणि सुटायचं, असंच ते सगळ्या जगाबद्दल धरून चालले होते.

शनिवारी त्यांनी देऊला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. देऊ त्या खुर्चीत प्रथमच बसत होता.

"हे बघ देऊ," ते म्हणाले, "तू काय आहेस आणि काय नाहीस, मला ऐकायचं नाही. उद्या सगळे उचलतील, तूही उचल. एका मिनिटाचं काम आहे. मग पुन्हा कुणी तोंड उघडलं तर मी त्याला बघून घेतो."

"पण साहेब, घडलंय ते."

"मी ऐकलं नाही."

"देवानं ऐकलंय."

गुप्ते हसले. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी त्याला समजावलं की देव मोठ्या मनाचा असतो, तो सगळं पोटात घालतो. माणसं घालत नाहीत, म्हणून तर देवाला मधे घ्यायचं. उद्या नाही म्हणालास तर मात्र माझे हात बांधलेले आहेत, मग मैदानही नाही आणि कारखानाही नाही. एवढं बोलून त्यांनी त्याला चहा पाजला. चहा त्यांच्या स्वतःच्या कपातला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांना देऊची किळस नव्हती. त्यांना देवाची पर्वा नव्हती, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊकही नव्हतं.

देऊ तिथून थेट वाडीवर गेला. आई भिकी अंगणात नाचणी पाखडत होती. तिला त्यानं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की खोटा भंडार उचलला तर काय होतं. भिकीनं सूप खाली ठेवलं नाही.

"काय नाय होत," ती म्हणाली. "देव काय काठी घेऊन बसलाय? पन मंग त्याच्याशी बोलाया तोंड रहात नाय."

त्यानं वाडीपासून बदलापूरपर्यंतचं अंतर पायी कापलं. डोक्यात हिशोब एकच. उचलला तर कबड्डी राहते. नाही उचलला तर कबड्डी जाते. कबड्डी गेली तर आपण कोण? ड्रम भरणारा एक हेल्पर, तोही कुठं दुसरीकडं मिळाला तर. आणि उचलला तर पुढच्या रविवारी टेकडीवर जाऊन काय बोलायचं? परवा तुझ्यासमोर खोटं बोललो, आता खरं ऐक, असं? माणसांनी त्याच्याकडून सगळं खोटं बोलून घेतलं होतं. लग्न का करत नाहीस याचं खोटं, गावाकडं मुलगी बघितलीय याचं खोटं. आता ती एक जागा उरली होती आणि गुप्ते साहेब भस्म लावून तीही मागत होते.

रविवारी सकाळी सगळे टेकडीवर चढले. देऊळ एवढंसं, आत पाच माणसं मावतील असं. गुरवानं पाटावर बेलाची पानं आणि परातीत भंडारा मांडून ठेवला. गुप्ते खांबापाशी हात जोडून उभे राहिले. रामभाऊ बाहेरच थांबले. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मैदानात धोतर खोचणारा हा माणूस तिथं मात्र चपलांजवळ उभा राहून दरीकडं बघत होता.

एकेक जण आत जायचा. कुणी घाईनं, कुणी पुटपुटत, एकानं तर मधेच जांभई दिली. परातीतला भंडारा उचलायचा, पान हातात धरायचं, गुप्तेंनी सांगितलेलं वाक्य म्हणायचं आणि बाहेर यायचं. सखानं उचलला तेव्हा तो वाक्यात दोनदा अडखळला. तो बिचारा खरं बोलत होता, तरी अडखळला.

मग चंदू गेला. देऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्याला सगळं दिसत होतं. चंदूनं डोळे मिटले. दोन्ही हातांनी भंडारा उचलला, कपाळाला लावला, गळ्याला लावला आणि स्वच्छ आवाजात वाक्य म्हटलं. एका अक्षराला अडखळला नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं पुढं आपल्या पदरचं जोडलं, "आणि माझ्या होणाऱ्या लेकराची आण." जिजाला तेव्हा सहावा महिना होता. गुप्तेंचे डोळे पाणावले. चंदू वळला आणि देऊच्या इतक्या जवळून बाहेर गेला की त्याच्या अंगाचा हळदीचा वास देऊला आला. जाताना त्यानं देऊकडं बघून बारीक मान हलवली. म्हणजे सोपं आहे, उरक.

देऊ त्याच्या पाठीकडं बघत राहिला. हा माणूस आपल्याला आवडला होता, या तोंडावर आपण विश्वास टाकला होता. पोटातल्या लेकराला साक्षीला उभं करणारं हे तोंड. त्याला आजवर स्वतःची कधी किळस आली नव्हती, लोकांनी ग्लास वेगळा काढला तेव्हाही नाही. आज प्रथम आली, ती आपल्या निवडीची.

त्याचं नाव पुकारलं. तो नाही म्हणेल म्हणून गुप्ते जरा धास्तावले होते. पण देऊ आत गेला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं भंडारा उचलला. गुप्तेंनी सुटकेचा श्वास सोडला.

"सखानं जे पाहिलं ते खरं हाय," देऊ म्हणाला. "तो मी होतो. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती नि मी कुणाला केली नाय. देवाला हे आधीपासून ठाऊक हाय, तुम्हांला आज सांगतो."

गुरव परातीकडं बघत राहिला. शेवटी गुप्तेंनीच विचारलं, आणि आवाज असा की त्यांचा मोठा अपमान झालाय, "दुसरा कोण होता?"

भंडारा अजून देऊच्या मुठीत होता. आता खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं.

"त्यानं त्याचं इथं सांगून झालंय," तो म्हणाला. "मला नका विचारू."

बाहेर दहा जण एकमेकांकडं बघायला लागले. चंदू मात्र कुणाकडं बघत नव्हता. तो पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, आणि ती पुन्हा पुन्हा सुटत होती.

गुप्ते संतापले. घडलं त्याचा संताप नव्हे, देऊनं सांगितलं त्याचा. एवढं सगळं जुळवून आणलं आणि या अडाण्याला एक वाक्य म्हणता आलं नाही, असं ते टेकडी उतरेपर्यंत बोलत होते. देवाच्या दारात असलं घाण बोलायला लाज कशी वाटली नाही, असंही म्हणाले. म्हणजे देवाच्या दारात खोटं बोललेलं त्यांना चालत होतं. खऱ्यानं मात्र देऊळ विटाळलं. त्यांनी गुरवाला सांगून त्याच दिवशी ते धुऊन घेतलं.

सोमवारी देऊची नोकरी गेली. कारण लिहिलं होतं, खेळात अपेक्षित प्रगती नाही. राज्य स्पर्धेत सखा खेळला आणि संघ दुसऱ्याच सामन्यात बाहेर पडला. देऊ मुंबईच्या एका कंपनीच्या चाचणीला गेला, तिथल्या तिघांना एका दमात बाद करून आला. त्यांनी शाबासकी दिली, पत्ता घेतला आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की आमचा संघ देवाधर्माचा आहे, वातावरण बिघडायला नको. दुसऱ्या कंपनीनं निरोपही पाठवला नाही. व्यावसायिक कबड्डीतली माणसं मोजकी, बातमी पोचायला वेळ लागत नाही. सत्ताविसाव्या वर्षी, पाय सगळ्यांत चांगले चालत असताना, देऊची कबड्डी संपली. रडला तो, नाही असं नाही. टेकडीवर जाऊन दगडावर डोकं आपटून रडला आणि देवालाही चार शब्द सुनावले. बोलायला तोंड होतं, म्हणून सुनावता आले.

पुढं उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या कापड दुकानात तो लागला. थान उतरवायचे, उलगडायचे, घडी घालायची. शेठनं त्याला एकदा विचारलं, "शादी क्यूं नहीं करता?" देऊनं खरं ते सांगितलं. शेठ थोडा वेळ दाढी खाजवत बसला आणि मग म्हणाला की बरं, वरचे थान खाली घे, गिऱ्हाईक आलंय. त्या दुकानात देऊ सहा वर्षं राहिला.

१९९७ च्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी चंदू दुकानात आला. देऊनं त्याला लगेच ओळखलं नाही. अंग सुटलं होतं, गळ्यात दोन-तीन माळा, मनगटाला लाल-काळे दोरे. गुडघा गेल्यावर त्याचा खेळ थांबला होता आणि गुप्ते साहेबांच्या मर्जीनं तो आता संघाच्या निवडीचं बघत होता. दुकानाच्या मागच्या बोळात, गठ्ठ्यांवर बसून त्यानं सगळं सांगितलं. मुलीला झटके येतात. सहा वर्षांची आहे, शाळेतून उचलून आणावी लागते. एका भगतानं सांगितलंय की घरात खोटा भंडारा आहे.

"तू टेकडीवर चल," चंदू म्हणाला. "भंडारा उचल आणि देवाला सांग की त्या दिवशी दुसरा मी नव्हतो. तू कधी खोटं बोलत नाहीस, हे त्याला माहीत आहे. तुझं तो ऐकेल."

चंदूला यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट आपण मोठी अक्कल लढवली आहे, असा त्याचा चेहरा होता. वर तो म्हणाला की रामभाऊंच्या जागी आलेला मार्गदर्शक आता सोडून चाललाय, पुढच्या महिन्यात नवी नेमणूक आहे, गुप्ते साहेबांना मी गळ घालतो, इतकी वर्षं झाली, आता कोण लक्षात ठेवतंय.

मैदान. दुपारी तीनची शिट्टी, मातीवर पाणी मारलेला वास, पोरांच्या पायांकडं बघून त्यांना दोन गोष्टी सांगणं. देऊला ते सगळं एका क्षणात दिसलं आणि हवंहवंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच क्षणी त्याला कळलं की समोरचा माणूस सहा वर्षांत एक पाऊल पुढं सरकलेला नाही. एका खोट्यावर उपाय म्हणून दुसरं खोटं आणि तेही उसनं. त्याला इतकी शिसारी आली की बोळातल्या गटारात तो थुंकला.

मग त्यानं विचारलं, "पोरीला डॉक्टरला दाखवलंस का?"

चंदू म्हणाला की आधी देवाचं निस्तरू, मग बघू. देऊनं त्याला पहिली शिवी त्याच वेळी दिली. झटक्यांवर औषध असतं, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात उद्याच्या उद्या ने, असं त्यानं दरडावून सांगितलं आणि तसं कबूल करून घेतलं. त्यानंतर तो शेठला सांगून निघाला. येतो म्हणाला टेकडीवर. चंदूचे हात आपोआप जोडले गेले.

उन्हात दोघं वर चढले. चंदूला धाप लागत होती. देवळात गुरवाशिवाय कुणी नव्हतं, तोही बाहेर ओट्यावर डोळे मिटून पडला होता. देऊ आत जाऊन बसला. चंदू त्याच्या मागं हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. देऊनं भंडारा उचलला. घाई केली नाही. दर रविवारी बोलायचा त्याच आवाजात बोलला.

"त्या दिवशी पाठ दिसली ती या चंदूचीच. इथं येऊन तो खोटं बोलला, भीतीनं बोलला. हे मी आज पहिल्यांदा भंडारा उचलून सांगतो. पोर लहान हाय, तिला यात धरू नकोस."

एवढं म्हणून त्यानं भंडारा परत ठेवला. चंदूनं निदान आता तरी खाली बसावं, मुलीसाठी का होईना एकदा हो म्हणावं, असं त्याला वाटलं. तो मागं वळला. चंदूचं लक्ष देवाकडं नव्हतं, देऊकडंही नव्हतं. त्यानं दारातून मान बाहेर काढली होती आणि ओट्यावरच्या गुरवाला हे ऐकू गेलं का, ते तो निरखून बघत होता.